उसवायचा राहिलेला खिसा

१

राजारामपुरीच्या सातव्या गल्लीत एक इमारत आहे. खाली दातांचा दवाखाना, मधल्या दोन मजल्यांवर शिकवणीचे वर्ग आणि वर तिसऱ्या मजल्यावर रोशनबी शिकलगारचं घर. सकाळी नऊला वरून मशीनचा आवाज सुरू झाला की शिकवणीची पोरं म्हणायची, "चाचीची गिरणी सुटली बघ." रोशनबीला त्याचा राग येत नसे. नवरा मौला शिंपी होता. तो गेला आणि मागं हे मोटर लावलेलं दणकट मशीन राहिलं. कुणी म्हणालं विकून टाक, कुणी म्हणालं ब्लाउज शिव. तिनं दोन्ही बाजूंना मान डोलावली आणि वाकळा शिवायला घेतल्या.

वाकळ म्हणजे आपली गोधडीच. खाली एक जुनी साडी, वर एक साडी, मधे घरातले विरलेले कपडे अंथरायचे आणि सगळं एकत्र शिवून टाकायचं. रोशनबीच्या वाकळा विकायला नव्हत्या. पन्हाळ्याच्या रस्त्याला म्हाताऱ्या माजी सैनिकांचा एक आश्रम आहे, मागंपुढं कुणी नाही असे तीसेक जण तिथं राहतात, त्यांना ती दर हिवाळ्यात वाकळा द्यायची. का, हे काही गुपित नव्हतं. तिचा एकुलता एक झिशान सैन्यात होता आणि जूनपासून उत्तरेकडं कुठंतरी बर्फात होता. आपण इथं एखाद्या जवानाच्या अंगावर पांघरूण घातलं तर तिथं कुणीतरी आपल्या पोराच्या अंगावर घालेल, एवढंच तिच्या मनात होतं.

"अम्मी, वरच्यासंगं सौदा कराय लागलाय व्हय?" सून मुस्कान चेष्टेनं विचारायची.

"सौदा न्हाय गं. मागणं हाय," रोशनबी म्हणायची आणि पायानं मशीन दाबायची.

झिशान मिलिटरीत जाईल असं कुणाला वाटलं नव्हतं. लहानपणी दारात अनोळखी माणूस उभा राहिला की हे पोरगं आईच्या मागं दडायचं आणि तिची दोन बोटं मुठीत गच्च धरायचं. पावणं जाईपर्यंत बोटं सुटायची नाहीत. ते आठवून मौला शेवटपर्यंत हसायचा.

वाकळीचं काम रोशनबी माहेरी, पेठ वडगावात, शेजारच्या धोंडुबाईकडून शिकली होती. धोंडुबाईचा बाकी कशालाच नियम नव्हता, पण एक होता. "सदरा घालायचा तर खिसा उसवून घालायचा. खिसा म्हंजे जागा. आत जागा ऱ्हायली की कुणीतरी येतंय ऱ्हायाला." मौलाला हे ऐकून गंमत वाटायची. खिशात बटण नाहीतर नाणं राहतं आणि सुई मोडते, म्हणून म्हातारी सांगत असेल, असं त्याचं म्हणणं. पण खिसे तोही उसवायचाच. उसवलेले खिसे रोशनबी बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात टाकायची आणि पुढं कधीतरी भाजीच्या पिशव्यांना लावायची.

यंदा एकवीस वाकळा कबूल केल्या होत्या. नोव्हेंबरातल्या एका रविवारी दुपारी शेवटची जमिनीवर अंथरली होती आणि मधला थर कमी पडत होता. रोशनबीनं कपाट उघडून झिशानचा कॉलेजातला निळ्या चौकड्यांचा शर्ट काढला. कुणातरी आजोबाला तरण्या पोराची ऊब मिळू दे, असं म्हणत तिनं तो मधोमध पसरला, खिसा उसवायला अर्धं ब्लेड हातात घेतलं आणि फोन वाजला.

रविवारचा फोन म्हणजे झिशानचा. दहा मिनिटं मिळायची आणि त्यातली पाच "ऐकू येतंय का" यात जायची. झोप लागत नाही, बाकी ठीक आहे, असं तो म्हणाला. फोन मुस्कानच्या हातात देऊन रोशनबी डोळे पुसत परत आली, वरची साडी अंथरली, टाके घालून टाचली आणि वाकळ गुंडाळून मशीनखाली घातली.

मधे एका जागी मशीनचा आवाज बदलला. कापडावरून जाणारी सुई एकसारखी खटखटते. तिथं ती भरल्या गोणीवर थाप मारल्यासारखी दबून वाजली. रोशनबीनं पाय उचलला, चाचपून बघितलं. काही नव्हतं. तिनं शिलाई पुढं नेली.

२

सोमवारी सकाळी अनुजा गाडी घेऊन आली. अनुजा आश्रमाचं काम बघणारी, तिशीतली, एका दमात तीन जिने चढणारी पोरगी. घड्या घातलेल्या वाकळा दोघी मिळून खाली नेत होत्या. शेवटची उचलताना रोशनबीचा हात थबकला.

वाकळ गरम होती. सगळी नाही. मधोमध, तळव्याएवढ्या जागेत.

खिडकी पश्चिमेची, सकाळी तिथं ऊन यायचं कारण नव्हतं. मोटर आदल्या संध्याकाळपासून बंद होती. तिनं आतल्या खोलीकडं तोंड करून विचारलं, "मुस्कान, ह्यावर इस्त्री फिरवलीस व्हय?"

"इस्त्री? सकाळच्या पारी?" मुस्कान दवाखान्यात कामाला जायची, ती वेणी घालत होती.

मांजर बसलं असेल, असं रोशनबीनं ठरवलं. घरात मांजर नव्हतं, पण शेजाऱ्यांचं होतं आणि गॅलरीतून ते कधी कधी यायचं. तेवढं पुरेसं होतं.

"ही गणपतरावांना देते," अनुजा म्हणाली. "नवीन आलेत, चौऱ्याऐंशीचे. किती घातलं अंगावर तरी थंडी वाजते म्हणतात."

गाडी गल्लीच्या टोकाला वळेपर्यंत रोशनबी गॅलरीत उभी होती. घर रिकामं झाल्यासारखं वाटत होतं. वाकळा गेल्या की दरवर्षी तसं वाटतं, असं तिनं स्वतःला समजावलं. आणि तरी त्या दिवशी ती एका जागी बसू शकली नाही. डबे पुसले, पुसलेले पुन्हा पुसले.

३

पुढच्या रविवारी झिशानचा आवाज मोकळा होता.

"अम्मी, झोप लागायला लागली. सोमवारपास्नं. पडलं की लागतीया."

"अल्लाचं नाव घे. थंडी कमी झाली का?"

"थंडी हाय तेवढीच हाय. पर मला गरम वाटतंय. हिथं, छातीच्या डाव्या अंगाला. कुणीतरी हात ठेवल्यागत." मग तो हसला. "आन् एक गंमत. खोलीत कोणतरी म्हातारं खोकतंय. आम्ही सगळी पंचविशीतली पोरं. मी विचारलं तर म्हणत्यात, कुणी खोकलं न्हाय, तूच खोकत असशील झोपंत."

मुस्कानही हसली. "निलगिरीचं तेल लावा छातीला," ती फोनमध्ये म्हणाली.

"त्याचाच वास येतोय गं. कुणाकडं हाय कुणास ठाऊक."

फोन ठेवल्यावर मुस्कान खुशीत चहा करायला गेली. नवरा झोपतोय, यापेक्षा तिला काय हवं होतं. रोशनबीलाही आनंदच व्हायला हवा होता. सोमवारपासून, असं तो म्हणाला होता. सोमवार म्हणजे वाकळा गेल्या तो दिवस. आठवड्यात वार सातच असतात, एखादा जुळायचाच, असं म्हणून तिनं कप घेतला. चहा थंड होईपर्यंत तो तसाच हातात राहिला.

४

गुरुवारी अनुजाचा फोन आला. "मावशी, गणपतरावांना तुम्हाला बघायचंय. वाकळ कुणी शिवली, त्या बाईला आणा म्हणून चार दिवस मागं लागलेत."

आश्रमाची इमारत रस्त्यापासून आत, उसाच्या फडांच्या मधे आहे. गुऱ्हाळं सुरू झाली होती आणि गुळाचा वास अंगाला चिकटत होता. गणपतरावांची खोली वरच्या मजल्यावर, टोकाची. एक खाट, एक खुर्ची, भिंतीवर लष्करी पोशाखातला जुना फोटो. खोलीत पाऊल टाकलं आणि रोशनबीला गुळाच्या वासातून दुसरा वास आला. निलगिरीच्या तेलाचा.

ठीक आहे, ती मनाशी म्हणाली. म्हाताऱ्या माणसाच्या खोलीत निलगिरीचाच वास येणार.

गणपतराव खाटेवर पडून होते. हाडं आणि कातडी, पण डोळे लख्ख. गळ्यापर्यंत वाकळ ओढलेली. उजवा हात वर होता, डावा वाकळीखाली, छातीवर.

"या बाई. तुमीच शिवलीसा न्हवं? बसा."

"ऊब हाय का आण्णा?"

"ऊब?" ते खोकले, बराच वेळ. "बाई, ह्यात पोरगं हाय."

अनुजानं रोशनबीकडं बघून डोळ्यांनीच खूण केली, वय झालंय.

"कसलं पोरगं आण्णा?"

"गुणाचं हाय. झोप लागत न्हवती त्याला. पत्र्याची खोली, भाईर बरफ, एकटंच टक्क डोळं उघडून पडायचं. मी हात धरून बसतो, मग लागतोय डोळा." बोलताना वाकळीखालचा डावा हात हलत होता, कुणाचा तरी हात कुरवाळावा तसा. "आईची याद लई काढतंय. ऐतवारी फोन असतोय म्हणं."

रोशनबी उठली. तिनं बाहेर येऊन अनुजाला गाठलं. "माझ्या पोराचं सांगितलंस व्हय ह्यांना?"

"नाही मावशी. तुमचं नावसुद्धा सांगितलं नाही. ते स्वतः तरुणपणी बर्फात होते ना, त्यातलंच काहीतरी बोलतात."

हे पटण्यासारखं होतं. रोशनबीनं ते दोन्ही हातांनी धरून ठेवलं. ती पुन्हा आत गेली आणि सहज बोलल्यासारखं म्हणाली, "आण्णा, कडंची शिलाई कच्ची ऱ्हायलीय बघा. द्या हिकडं, पक्की करून आणती."

गणपतरावांनी वाकळ हनुवटीपर्यंत ओढली. चेहऱ्यावर राग नव्हता, उलट माया होती.

"न्हाय बाई. माझं दिस भरल्यात. आता न्हेली तर त्याला कोण बघंल? मला कुणी न्हवतं, ते कसं असतंय मला ठावं हाय. जाताना मी त्याला एकट्याला टाकून जानार न्हाय. संगंच न्हेतो की."

जिना उतरताना रोशनबीनं विचारलं, इथं कुणी गेलं तर त्याच्या पांघरुणाचं काय करता. अनुजा म्हणाली, "ज्याचं पांघरूण त्याच्याबरोबर, मावशी. सरणावरच ठेवतो. दुसरा कुणी घेत नाही."

५

घरी येऊन तिनं चप्पल काढायच्या आधी पत्र्याचा डबा खाली घेतला.

सगळे खिसे जमिनीवर ओतले. पांढरे, खाकी, मौलाच्या राखाडी सदऱ्याचे दोन, शेजारच्या मास्तरांचा पेनाची शाई सांडलेला. एकेक बाजूला ठेवत गेली. निळ्या चौकड्यांचा नव्हता. पुन्हा सगळे उलटे मांडले. नव्हता. अर्धं ब्लेड हातात होतं, शर्ट समोर होता, फोन वाजला, तिथपर्यंत तिला लख्ख आठवत होतं. त्यापुढं आठवत होती ती साडी अंथरणं.

तर खिसा आत राहिला. मग काय झालं? एक कापडाचा तुकडा, चारी बाजूंनी शिवून बंद झालेला. तिनं स्वतःशी मोठ्यानं म्हटलं, "वेडी झालीस तू रोशन." शिकवणीचा मास्तर खाली गणिताचं सूत्र ओरडून सांगत होता, पोरं त्याच्या मागून म्हणत होती. जग जागेवर होतं. आणि ती खिसे पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागली.

संध्याकाळी मुस्कान आली तेव्हा जमिनीवर खिसे पसरलेले होते आणि सासू मधोमध बसली होती. रोशनबीनं तिला सगळं सांगितलं. मुस्कान हसेल असं वाटलं होतं. ती हसली नाही. तिनं खिसे डब्यात भरले आणि म्हणाली, "ऐतवारी त्यांचा फोन येऊ दे. मग बघू."

६

रविवारी फोन आला, पण उशिरा, आणि आधी झिशानचा सोबती बोलला. "काळजी करू नका माँजी. जरा जास्त झोपतोय. परवा त्याच्या पहाऱ्याच्या पाळीला दोनदा हलवलं, उठला नाही. डॉक्टर बघून गेले, ताप नाही काही नाही."

मग झिशान. आवाज खोल विहिरीतून आल्यासारखा. मधे खोकला, लांबलचक, छाती खरवडणारा. तो खोकला रोशनबीनं गुरुवारी ऐकला होता.

"बाळ, उठून बस. तोंडावर पाणी मार."

"बसतो की. जरा पडू दे. बरं वाटतंय पडल्यावर."

मुस्काननं फोन घेतला. ती म्हणाली, ऐका, मला भीती वाटाय लागलीय. पलीकडून जे आलं ते रोशनबीलाही ऐकू आलं.

"भ्यायचं कशाला? जेवलीस का पोरी?"

मुस्काननं फोन टेबलावर ठेवून दिला. लाईन तुटली होती. ती म्हणाली, "अम्मी, हे मला पोरी म्हणत न्हाईत. कधीच न्हाय."

सोमवारी रोशनबी आश्रमात गेली, गणपतरावांनी वाकळ दिली नाही. मंगळवारी नवीन जाड कांबळं घेऊन गेली, त्यांनी ते पायावर घेतलं आणि वाकळ तशीच ठेवली. हिसकावून घ्यावी तर खोलीत माणसं. आणि खरं सांगायचं तर तिला तशी हिंमतही नव्हती. ओढताना दुसऱ्या बाजूनं काय ओढलं जाईल, हे कुणाला ठाऊक?

७

बुधवारी दुपारी दोनला अनुजाचा फोन आला. गणपतरावांनी सकाळपासून डोळे उघडले नव्हते. डॉक्टर म्हणाले होते, आता वाट बघायची.

मुस्काननं दवाखान्यातून अर्ध्या दिवसाची रजा काढली, सासूला स्कूटीवर मागं बसवलं आणि पंचगंगेचा पूल ओलांडला. पुढं उसाच्या ट्रॅक्टरांची रांग लागली होती. रोशनबीच्या मुठीत अर्धं ब्लेड कागदात गुंडाळलेलं होतं. आयुष्यात ती कुणाच्या मरणाला अशी घाईनं गेली नव्हती आणि त्याची तिला लाजही वाटत होती.

"वाकळीत सुई ऱ्हायलीय," तिनं अनुजाला सांगितलं. "आत्ताच काढायला पायजे." अनुजाला ते विचित्र वाटलं असणार. पण शिवणाऱ्या बाईनं सुई राहिली म्हटल्यावर नाही कोण म्हणणार? ती डॉक्टरांना फोन लावायला बाहेर गेली. मुस्कान दारात उभी राहिली.

गणपतरावांचे दोन्ही हात आता वाकळीच्या वर होते. कुणीतरी ते नीट छातीवर आणून ठेवले होते. श्वास यायचा, थांबायचा, पुन्हा यायचा. रोशनबी खाटेशी गुडघ्यावर बसली, "आण्णा, माफ करा," म्हणाली आणि मधली शिलाई कापायला सुरुवात केली.

आपण घातलेली शिलाई आपणच उसवणं सोपं असतं. ब्लेड सरसर गेलं. वरची साडी फाकली. आत निळ्या चौकड्या दिसल्या. खिसा होता. तोंडावरून तिची स्वतःची आडवी शिलाई गेलेली, पक्की. आणि खिसा फुगलेला होता.

तिनं ती शिलाई कापली आणि दोन बोटं आत घातली.

आत हात होते. एक नाही, दोन, एकमेकांत गुंतलेले. एक कोरडा, नखं वाढलेला, हाडकुळा. दुसरा तरणा, गरम, आणि त्याची करंगळी मधल्या पेरातून वाकडी होती. सातवीत चेंडू लागून मोडलेली, तशीच वाकडी जुळलेली करंगळी. ती चाचपून ओळखायला रोशनबीला डोळ्यांची गरज नव्हती. तिनं वर बघितलं. गणपतरावांचे दोन्ही हात तिच्या डोळ्यांसमोर, वाकळीवर, पडून होते.

ती ओरडली नाही. ओरडायला वेळ नव्हता. तिनं म्हातारी बोटं एकेक करून उचकटायला घेतली. चार बोटं सुटली. अंगठा सुटेना. म्हाताऱ्याचा श्वास थांबला आणि तिनं सगळा जोर लावून अंगठा मागं ओढला.

तो सुटला. म्हातारा हात तिच्या बोटांवरून सरकला आणि गेला. खाली गेला की पलीकडं, ते तिला कळलं नाही. फक्त जाण्याची घाई कळली.

गणपतरावांनी डोळे उघडले. थेट तिच्याकडं बघितलं, हसले आणि घरातून बाहेर पडताना कुणीही म्हणतं तसं म्हणाले, "येतो, पोरी." त्यानंतर श्वास आला नाही.

रोशनबीनं खिशाच्या चारी बाजूंनी शर्टाचं कापड कापलं आणि तो तुकडा मुठीत घेतला. खिसा सपाट होता. विरलेलं निळं कापड, बाकी काही नाही.

"मिळाली का सुई?" अनुजानं दारातून विचारलं.

"मिळाली," मुस्कान म्हणाली. ती भिंतीला टेकून उभी होती.

८

रविवारी झिशानचा फोन वेळेवर आला. आवाज खणखणीत. बुधवारी दुपारी एकदम जाग आली, अंगातला जडपणा गेला, डॉक्टरांनी पास केलं. खोकला? किरकोळ आहे, जाईल. दोघी फोन ठेवून एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या. रोशनबीनं दर्ग्यात चादर चढवली आणि गणपतरावांसाठीही दुवा मागितली. माणूस वाईट नव्हता. एकटा होता, एवढंच.

खिसा तिनं पत्र्याच्या डब्यात टाकला आणि डबा माळ्यावर ठेवला. तो उसवायची इच्छा झाली नाही, फेकायचीही झाली नाही. वाकळ शिवायला ती बसली नाही. मशीनवर कापड घातलं. खालची पोरं विचारायची, चाचीची गिरणी बंद पडली काय.

दिवस असे बरे चालले होते. तरी तिला चैन नव्हतं. एका रविवारी झिशान म्हणाला, सुट्टीला आलो की ताकातल्या कण्या कर. पोरानं आयुष्यात कण्यांना तोंड लावलं नव्हतं. पण घरापासून लांब राहिलं की माणसाच्या जिभेला काहीही आठवतं. दुसऱ्या रविवारी त्यानं विचारलं, उसाच्या फडात तोडी आल्या का? त्यांचं शेत कधीच नव्हतं. पण पलटणीत शेतकऱ्यांची पोरं असतात, बोलणं ऐकून सवय लागते. प्रत्येक गोष्टीला काहीतरी उत्तर होतं आणि रोशनबी ते शोधून काढायची. मुस्कानला ती काही बोलली नाही. मुस्काननंही तिला काही विचारलं नाही. दोघी फक्त फोनवर आता कमी बोलायच्या.

फेब्रुवारीत सुट्टी मंजूर झाली. शनिवारी अकराच्या सुमाराला तो स्टँडवर उतरणार होता. रोशनबीनं सकाळीच बिर्याणी चढवली. शेजारच्या शेगडीवर थोड्या कण्याही शिजायला टाकल्या. मुस्कान नवा ड्रेस घालून गॅलरीत आतबाहेर करत होती. घर धुऊन लख्ख केलेलं. आणि रोशनबीला एकाएकी वाटलं, पोरगं घरात पाऊल टाकायच्या आत तो खिसा घरातून संपला पाहिजे. दहा मिनिटांचं काम. तीन बाजूंचा दोरा ओढला की चिंधी.

तिनं डबा काढला, मशीनशेजारी खिडकीच्या उजेडात बसली. निळा खिसा मांडीवर घेतला. सपाट, हलका, इतका साधा की तिला स्वतःचं हसू आलं. आतून दोरा सापडतो का बघायला तिनं डाव्या हाताची दोन बोटं खिशात घातली.

कुणीतरी ती बोटं धरली.

हलकेच. गरम हात होता. करंगळी तिच्या बोटाला टेकली, वाकडी. रोशनबी हलली नाही. खिसा मांडीवर तसाच सपाट होता, खालून तिची स्वतःची मांडी तिला लागत होती, आणि तरी आतला हात पुरत्या माणसाचा होता.

"आलं, अम्मी, आलं," मुस्कान गॅलरीतून पळत दाराकडं गेली. जिन्यावर बुटांचा आवाज येत होता. दुसऱ्या मजल्यावर तो थांबला. कुणीतरी खोकलं. मग बूट पुन्हा चढायला लागले.

मुस्काननं दार उघडलं.

दारात झिशान उभा होता. वाळलेला, उन्हा-बर्फानं काळवंडलेला, पण झिशानच. तेच नाक, तेच हसू. खांद्यावरच्या बॅगेचा पट्टा त्यानं उजव्या हातानं धरला होता आणि त्या हाताची करंगळी मधल्या पेरातून वाकडी होती.

"अम्मी," तो म्हणाला आणि उंबऱ्याच्या आत आला.

रोशनबीला उठायचं होतं. खिशातल्या मुठीनं तिची दोन बोटं गच्च आवळली. दारात अनोळखी पावणं आल्यावर आवळावी तशी.